चर्चच्या प्याल्यात दारू नको म्हणून एका डेंटिस्टने ‘न आंबवलेली वाईन’ बनवली आणि बाटलीबंद द्राक्षरसाचा धंदा उभा राहिला

आजकाल मोठ्या दुकानांत नॉन-अल्कोहोलिक वाईनच्या बाटल्या दिसतात. बाटली वाईनचीच, बूच वाईनचं, लेबलवर द्राक्षांचा मळाही असतो. मग बघणाऱ्याला प्रश्न पडतो, की हा शेवटी द्राक्षाचा रसच आहे ना? मग एवढे पैसे कशाला?

हाच प्रश्न साधारण दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका डेंटिस्टच्या पुढ्यात आला होता, पण उलट्या बाजूने. त्याने द्राक्षाचा रस बाटलीत भरला, त्याला वाईन म्हटलं आणि लोकांनी तो घेतला नाही. त्याचं नाव डॉ. थॉमस ब्रॅमवेल वेल्च. आज ‘वेल्च’ हा द्राक्षरसाचा नामांकित ब्रँड आहे. पण ज्याच्या नावावर तो चालतो त्याने हा उद्योग चार वर्षांत बंद केला होता.

पाद्री, डॉक्टर आणि मग डेंटिस्ट

वेल्च यांचा जन्म 31 डिसेंबर 1825 चा, इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीचा. ते लहान असताना, 1834 मध्ये त्यांचं कुटुंब अमेरिकेत गेलं आणि न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला वॉटरटाऊनच्या भागात राहिलं.

तरुणपणीच ते वेस्लियन मेथडिस्ट पंथात सामील झाले. हा पंथ दोन गोष्टींच्या कडक विरोधात होता, एक गुलामगिरी आणि दुसरी दारू. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना गुपचूप कॅनडाच्या हद्दीपर्यंत पोहोचवणाऱ्या लोकांची तेव्हा एक साखळी होती. तरुण वेल्च यांनीही त्या कामात हातभार लावला. सापडलं तर कायद्याने शिक्षा होती. म्हणजे पटलेली गोष्ट अंगावर घ्यायची सवय या माणसाला आधीपासूनच होती.

ते पाद्री झाले, पण प्रवचनं देऊन देऊन आवाजाने दगा दिला. मग वैद्यकी शिकले आणि काही वर्षं डॉक्टरकी केली. पुढे दातांच्या कामाकडे वळले आणि 1856 च्या सुमारास मिनेसोटातल्या विनोनाला जाऊन दवाखाना थाटला. तिथून 1868 मध्ये ते न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड या गावी आले.

या गावात दोन गोष्टी जुळून आल्या. चार्ल्स लँडिस नावाच्या माणसाने 1861 मध्ये हे गाव वसवलं ते दारूविक्री होऊ द्यायची नाही असं ठरवूनच. आणि इथली जमीन फळबागांना, विशेषतः द्राक्षांना मानवणारी होती. थोडक्यात, गाव द्राक्षांचं आणि दारू मात्र नको.

अडचण कुठे होती?

वेल्च गावातल्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीची व्यवस्था बघायचे. या विधीत भाविकांना भाकर आणि वाईन दिली जाते. दारूच्या विरोधात प्रवचन द्यायचं आणि त्याच सभेत सगळ्यांच्या हाती वाईनचा प्याला द्यायचा, ही विसंगती अनेकांना खटकत होती. प्रश्न तत्त्वापुरता नव्हता. दारू सोडलेला माणूस चर्चमध्ये आला, तर त्याने काय करायचं? प्याला नाकारला तर विधीतून बाहेर. घेतला तर सुटलेली सवय पुन्हा लागायची भीती.

1864 मध्ये मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या परिषदेने विधीसाठी द्राक्षाचा शुद्ध रस वापरावा अशी शिफारस केली. पण शिफारस करणं सोपं होतं, रस मिळवणं अवघड. द्राक्षं वर्षातून काही आठवडेच येतात आणि विधी वर्षभर चालतो. तेव्हा घराघरांत फ्रिज नव्हते. काढलेला रस दोन-चार दिवसांत फसफसायला लागायचा. काही ठिकाणी लोक मनुका पाण्यात भिजवून किंवा उकळून त्याचं पाणी वापरायचे.

रस फसफसतो याचं कारण द्राक्षाबरोबरच येतं. द्राक्षाच्या सालीवर आणि रस काढायच्या भांड्यांवर यीस्ट असतं. रस निघाला की ते त्यातली साखर खायला लागतं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. म्हणजे द्राक्षाच्या रसाची वाईन व्हायला कुणी काही करावं लागत नाही. ती होऊ द्यायची नसेल तरच काहीतरी करावं लागतं.

1869: स्वयंपाकघरातला प्रयोग

काय करायचं याचं उत्तर फ्रान्समध्ये सापडलं होतं. लुई पाश्चर यांनी 1860 च्या दशकात दाखवून दिलं, की आंबण्यामागे सूक्ष्मजीव असतात आणि ठरावीक उष्णता दिली की ते मरतात. पाश्चर यांना तयार वाईन खराब होण्यापासून वाचवायची होती. वेल्च यांनी तीच युक्ती रसाची वाईन होऊच नये यासाठी वापरली.

1869 मध्ये त्यांनी, पत्नी लुसी यांनी आणि 17 वर्षांचा मुलगा चार्ल्स याने मिळून कॉनकॉर्ड जातीची साधारण 18 किलो द्राक्षं गोळा केली. ती काही मिनिटं शिजवली, कापडी पिशव्यांतून पिळून गाळली आणि रस डझनभर बाटल्यांत भरला. बाटल्यांना बूच आणि लाख लावून त्या उकळत्या पाण्यात ठेवल्या, म्हणजे आत उरलंसुरलं यीस्टही मरावं. मग वाट बघितली. आठवडे गेले, पण बाटल्या फसफसल्या नाहीत आणि बुचंही उडाली नाहीत.

वेल्च यांनी या रसाला नाव दिलं ‘डॉ. वेल्च यांची न आंबवलेली वाईन’ आणि आजूबाजूच्या चर्चना तो विकायला काढला.

लोकांनी नाही म्हटलं

त्यांना वाटलं होतं चर्च हा रस हातोहात घेतील. तसं झालं नाही. अनेक पाद्र्यांचं म्हणणं होतं, की बायबलमध्ये जिला वाईन म्हटलंय ती आंबवलेलीच होती, मग आपण बदलणारे कोण? शेकडो वर्षांची रीत एका डेंटिस्टच्या बाटलीसाठी कुणी मोडायला तयार नव्हतं. घरादाराने खपून बनवलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळेना. चार वर्षांनी, 1873 मध्ये वेल्च यांनी हे काम थांबवलं आणि ते पुन्हा दातांकडे वळले.

इथे जरा थांबून त्यांच्या बाटलीवरच्या नावाचा विचार करायला हवा, कारण नॉन-अल्कोहोलिक वाईनबद्दलचा आजचा गोंधळही तिथेच आहे.

रस, वाईन आणि अल्कोहोल काढलेली वाईन

वेल्च यांच्या बाटलीत अल्कोहोल नव्हतं हे खरं. पण ती वाईन होती का? यीस्ट रसात शिरतं तेव्हा ते फक्त अल्कोहोल बनवत नाही. साखर जवळजवळ संपवतं. शिवाय वास आणि चवीचे असे कितीतरी घटक तयार करतं, जे मूळ द्राक्षात नसतात. लाल वाईन सालींसकट आंबते, त्यामुळे सालीतला तुरटपणाही तिच्यात उतरतो.

वेल्च यांनी यीस्टला कामच करू दिलं नाही. त्यामुळे साखर तशीच राहिली. द्राक्षाच्या रसात 100 मिलिलिटरमागे साधारण 15 ग्रॅम साखर असते. कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या वाईनमध्ये ती अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी असते. त्यात कॉनकॉर्ड ही अमेरिकन जात, तिचा वास उग्र. युरोपात ज्या द्राक्षांची वाईन होते त्यांच्याशी तिचा वास आणि चव जुळत नाही. खायची द्राक्षं वेगळी आणि वाईनची वेगळी, हे नाशिककरांना सांगायला नको.

आज नॉन-अल्कोहोलिक वाईन म्हणून जी विकली जाते ती बहुतेकदा उलट्या वाटेने येते. आधी रस आंबवून पूर्ण वाईन करतात आणि मग तिच्यातून अल्कोहोल काढून घेतात. ही वाट जर्मनीतल्या रुडेसहाइमच्या कार्ल युंग यांनी 1908 च्या सुमारास दाखवली. हे मानसशास्त्रज्ञ युंग नव्हेत, हे वाईनच्या धंद्यातले. साध्या हवेत अल्कोहोल 78 अंशांना उकळतं. एवढी उष्णता दिली तर वाईनची चव शिजून जाते. पण दाब कमी केला की उकळायला उष्णता कमी लागते, जसं उंच डोंगरावर पाणी लवकर उकळतं. युंग यांनी भांड्यातली हवा काढून दाब कमी केला आणि 30 अंशांच्या आसपासच अल्कोहोल उडवून लावलं. आजही कमी दाबाचीच यंत्रं वापरतात, किंवा अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून वाईन गाळतात.

मग या वाईनची चव नेहमीच्या वाईनसारखी लागते का? जवळपास जाते, पण अगदी तशी नाही. नेहमीच्या वाईनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असतं. ते वास नाकापर्यंत नेतं, घशाला ऊब देतं आणि जिभेवर घोट भरीव वाटायला लावतं. ते काढलं की उरतं ते पातळ आणि जास्त आंबट लागतं. म्हणून कंपन्या बरेचदा थोडी साखर किंवा द्राक्षाचा रस परत मिसळतात. तरी कॅलरी नेहमीच्या वाईनपेक्षा बऱ्याच कमी असतात, कारण वाईनमधल्या बहुतेक कॅलरी अल्कोहोलच्याच असतात. एक ग्रॅम अल्कोहोल म्हणजे 7 कॅलरी.

आणि एक सावधगिरी. अशा अनेक बाटल्यांत अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल उरलेलं असू शकतं. बहुतेकांना त्याने काही फरक पडत नाही. पण दारू पूर्ण सोडलेल्यांनी, गरोदर बायकांनी किंवा धर्माच्या कारणाने न पिणाऱ्यांनी लेबल वाचूनच ठरवावं. आपल्याकडचं द्राक्षासव औषध म्हणून घेतात, पण तेही आंबवूनच होतं आणि त्यातही अल्कोहोल असतं. नावावरून अंदाज बांधला की चुकायला होतं.

मुलाने नाव बदललं

वेल्च यांनी काम सोडल्यावर दोन वर्षांनी, 1875 मध्ये त्यांचा मुलगा चार्ल्स याने ते पुन्हा हाती घेतलं. तोही डेंटिस्टच होता. वडिलांना वाटायचं, मुलाने चालता दवाखाना सोडून रसाच्या मागे लागू नये. चार्ल्सने बराच काळ दोन्ही सांभाळलं आणि जाहिरातींवर पैसा लावला.

1890 मध्ये त्याने एक साधाच, पण मोठा बदल केला. बाटलीवरचा वाईन हा शब्द काढला आणि ‘डॉ. वेल्च यांचा द्राक्षरस’ असं लिहिलं. आता त्या बाटलीची तुलना कुणी वाईनशी करेना. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी हा रस चाखला आणि चार्ल्सने दातांचं काम कायमचं सोडलं. 1897 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्डला कारखाना उभा राहिला. पहिल्याच वर्षी तिथे 300 टन द्राक्षं पिळली गेली.

दरम्यान मेथडिस्ट चर्चनेही हळूहळू विधीत न आंबवलेला रस स्वीकारला. जे वेल्च यांना 1869 मध्ये हवं होतं, ते त्यांच्या हयातीतच घडायला लागलं.

थॉमस वेल्च यांनी शेवटची वर्षं फिलाडेल्फियात काढली. दात भरायच्या मिश्रधातूंचा त्यांचा व्यवसाय होता, दंतवैद्यांसाठी ते मासिक काढायचे आणि इंग्रजी स्पेलिंग सोपी करायची खटपटही त्यांनी केली. 29 डिसेंबर 1903 रोजी, 78 वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस असताना, त्यांचं निधन झालं. त्यांच्यानंतर दहा वर्षांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी परदेशी राजदूतांच्या मेजवानीत वाईनऐवजी द्राक्षरस ठेवला. वर्तमानपत्रांनी टर उडवली, पण रसाची जाहिरात फुकटात झाली.

मग कुठली बाटली घ्यायची?

वेल्च यांना वाईनसारखी चव नकोच होती. दारू सोडलेल्या माणसालाही सगळ्यांच्या बरोबरीने प्याला घेता यावा, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी रस पुरेसा होता, आजही पुरेसा आहे. ज्याला वाईनची चव आवडते पण अल्कोहोल नको, त्याच्यासाठी आंबवून मग अल्कोहोल काढलेली वाईन आहे. पण उघडल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवायची, कारण तिला टिकवणारं अल्कोहोल आता तिच्यात नाही.

दुकानात बाटली हातात घेतली की मागचं लेबल फिरवून बघा. अल्कोहोल काढलेलं आहे की मुळात होऊच दिलेलं नाही, किती टक्के उरलंय आणि साखर किती आहे, एवढं बघितलं की बाटलीत वाईन आहे की रस, ते तुमचं तुम्हाला कळेल.