फळमाशीचे अभ्यासक आल्फ्रेड स्टर्टेव्हंट

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठावरील वस्तीत, फळवाल्याच्या टोपलीतील केळी अधिक पिकली की त्यांच्याभोवती बारीक चिलटे घिरट्या घालू लागतात. अशा चिलटांपैकी एक म्हणजे फळमाशी. जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा हा जीव माणसाच्या वस्तीबरोबर जगभर पसरला आहे. भिंगाखाली धरताच तिच्यातील नर आणि मादी वेगळे ओळखू येतात. नराच्या पोटाचे टोक काळे असते व त्याच्या पुढच्या पायांवर राठ केसांची एक चिमुकली फणी असते. मादीला ती नसते. ही फणी नरालाच का यावी, या प्रश्नाच्या उत्तराची वाट ज्यांनी मोकळी केली, त्यांत आल्फ्रेड हेन्री स्टर्टेव्हंट हे अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म २१ नोव्हेंबर १८९१ रोजी अमेरिकेतील जॅक्सनव्हिल या गावी झाला. ते सात वर्षांचे असताना कुटुंब आलाबामा राज्यात शेती करण्यास गेले. वडिलांचे घोडे होते; त्यांच्या वंशावळी लिहून ठेवण्याचा छंद या मुलास जडला. पुढे सोळा वर्षांनी वडील असलेल्या बंधूंच्या घरी राहून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले. घोड्यांचे रंग पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात, यावर त्यांनी एक निबंध लिहिला व तो प्राध्यापक थॉमस हंट मॉर्गन यांस दाखविला. मॉर्गन यांनी तो छापण्यास उत्तेजन दिले आणि या विद्यार्थ्यास आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली.

ती प्रयोगशाळा म्हणजे आठ मेजांची एक अडचणीची खोली होती. दुधाच्या बाटल्यांत केळी घालून तेथे फळमाश्या वाढवीत. माश्यांच्या डोळ्यांचे रंग हा तेथील नित्याचा विषय, आणि स्टर्टेव्हंट यांना तर तांबड्या-हिरव्या रंगांतील भेद नीट दिसत नसे! तरीही जनुके गुणसूत्रावर कोणत्या क्रमाने बसली आहेत, याचा जगातील पहिला नकाशा त्यांनी विद्यार्थिदशेतच, घरचा अभ्यास बाजूस ठेवून, एका रात्रीत तयार केला. तो १९१३ साली प्रसिद्ध झाला.

नर-मादीच्या भेदाकडेही त्यांचे लक्ष होतेच. नर मादीपुढे पंख थरथरवितो. पंख कापलेल्या नराशी मादीचे मीलन होण्यास अधिक वेळ लागतो, असे त्यांनी १९१५ साली दाखविले. म्हणजे तो केवळ देखावा नव्हे.

१९२८ मध्ये ते मॉर्गन यांच्याबरोबर कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे गेले. तेथे त्यांनी एका विलक्षण प्रकाराचा बारकाईने अभ्यास केला. अर्धनारीनटेश्वराची आठवण व्हावी अशी माशी क्वचित जन्मास येते. तिचे एक अंग नराचे, दुसरे मादीचे. एका पायावर फणी, दुसऱ्यावर नाही. मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात. अंड्यातील गर्भाच्या पेशी नुकत्याच विभागू लागल्या असता एखादीतून एक एक्स गळाले, तर तिच्यापासून होणारा भाग नराचा बनतो. मनुष्यात रक्तावाटे फिरणारे स्राव सर्व शरीराला स्त्रीत्व वा पुरुषत्व देतात. माशीत मात्र बहुतेक पेशी आपापला निर्णय स्वतःच करतात.

परंतु हा निर्णय एक्स गुणसूत्रे एकटीच करतात काय? १९४५ साली स्टर्टेव्हंट यांनी एका नव्या जनुकाचे वर्णन केले. ते बिघडलेल्या स्वरूपात आई व बाप या दोघांकडून आले, तर दोन एक्स असलेली माशीही नर होऊन जन्मते. पोटाचे टोक काळे, पायांवर फणी, इतकेच नव्हे तर तिची वागणूकही नराची. ती वांझ असते, आणि आकाराने मात्र मादीएवढी मोठी राहते. या जनुकास त्यांनी ट्रान्सफॉर्मर, म्हणजे रूपांतर करणारे, असे नाव दिले.

५ एप्रिल १९७० रोजी पॅसाडिना येथे त्यांचे निधन झाले. ट्रान्सफॉर्मरचे कार्य नेमके कसे चालते, याचा उलगडा त्यानंतर झाला. ते केवळ मादीतच पूर्ण कार्यक्षम असते व डबलसेक्स नावाच्या दुसऱ्या जनुकास मादीचे रूप घ्यावयास लावते. ते नसेल तर डबलसेक्स नराचे रूप घेते. मग पायाच्या ज्या भागात डबलसेक्स जागे असते, तेथे नराला फणी फुटते. फळमाशीच्या काही भाऊबंद जातींत ही फणी बरीच मोठी असते, तर कित्येक जातींच्या नरांना ती मुळीच नसते.