घरोघरी लक्ष्मी आणणारा चित्रकार

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी वाकोल्यातील कित्येक घरांत पाटावर जी कमलस्थ लक्ष्मी मांडली जाते, तिला हे परिचित रूप दिले ते राजा रविवर्मा यांनी. १८४८ साली केरळातील किळिमानूर येथे जन्मलेल्या या चित्रकाराने तैलरंगांची पाश्चात्त्य रीत आत्मसात केली. विषय मात्र आपल्या पुराणांतून घेतले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी अनेक पौराणिक प्रसंग रंगविले.

परंतु देव राजवाड्याच्या भिंतीवरच राहिले, तर सामान्य भाविकाने काय करावे? म्हणून १८९४ साली त्यांनी वाकोल्याहून फार दूर नसलेल्या घाटकोपरला शिळाछापाचे मुद्रणालय काढले. पुढे ते मळवलीस नेले. ज्यांना मंदिराची पायरी चढू दिली जात नसे, त्यांच्याही घरी छापील चित्ररूपाने देव आला. देश पारतंत्र्यात असता निरनिराळ्या प्रांतांतील लोक साडी नेसलेल्या एकाच देवीपुढे हात जोडू लागले आणि आपण एका परंपरेचे आहोत, हे त्यांना दिसले.

या उद्योगात रविवर्म्यांना कर्ज झाले. कारखाना जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांना विकावा लागला. १९०६ साली ते निवर्तले. आज लक्ष्मीपुढे निरांजन लावताना, वाचकहो, त्या चित्रकाराचेही स्मरण असू द्यावे.