फोनच्या तक्रारीतून एक्स्चेंज घडविणारे स्ट्रॉजर

नगर जिल्ह्यातील सोनईसारख्या साखर कारखान्याच्या गावात दुकानाचा फोन एक दिवस बंद पडला, तरी व्यापाऱ्याच्या जिवाला घोर लागतो. बिल भरलेले असते, तार शाबूत असते, पण दूरध्वनी कंपनीच्या कोणाच्या तरी चुकीने जोडणी तुटलेली असते. गिऱ्हाईक मात्र वाट पाहत नाही, ते शेजारच्या दुकानाला फोन लावते. सुमारे १३५ वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका व्यावसायिकावर असाच प्रसंग ओढवला. त्यांनी आधी तक्रारी केल्या. त्यांची कोणी दखल घेईना, तेव्हा जोडणी करणाऱ्या माणसाचीच गरज उरू नये असे यंत्र त्यांनी घडविले. त्यांचे नाव अल्मन ब्राऊन स्ट्रॉजर.

स्ट्रॉजर यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पेनफिल्ड येथे झाला. यादवी युद्धात त्यांनी न्यूयॉर्कच्या आठव्या घोडदळात नोकरी केली. युद्धानंतर काही काळ शिक्षकी पेशा पत्करला आणि पुढे ते पश्चिमेकडे कॅन्सस प्रांतात गेले. तेथे त्यांनी अंत्यसंस्काराची व्यवस्था करून देण्याचा व्यवसाय आरंभिला. विजेचे वा तारायंत्राचे शिक्षण त्यांच्या गाठीशी नव्हते.

त्या काळी दूरध्वनीला क्रमांक फिरविण्याची सोय नव्हती. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधील ऑपरेटर बोलत असे, नाव ऐकून खटक्यात दोरी खोचत असे आणि मग दोन माणसे जोडली जात. गावात एखाद्याचा मृत्यू झाला आणि घाबरलेल्या नातलगाने केवळ अंत्यविधीवाल्याला जोडून द्या एवढेच म्हटले, तर कोणाला जोडायचे हे ऑपरेटरच्या मर्जीवर असे. प्रतिस्पर्ध्याची पत्नीच एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्रॉजर यांचे फोन ती नवऱ्याकडे वळवीत असे, अशी कथा आजवर सांगितली जाते. मित्राच्या निधनाची बातमी त्यांना वर्तमानपत्रातून समजली आणि अंत्यविधीचे काम दुसऱ्याकडे गेल्याचेही त्याच वेळी कळले, अशी पुस्ती तिला जोडलेली आढळते. कोणी हा प्रसंग टोपेका शहरातला मानतात, कोणी कॅन्सस सिटीतला. आख्यायिका इतक्या सोयीच्या असल्या की त्यांच्याकडे थोडे सावधपणेच पाहावे लागते.

दूरध्वनी कंपनीच्या बाजूने सांगितली गेलेली हकीकत निराळी आहे. स्ट्रॉजर वरचेवर तक्रार करीत, ऑपरेटर मुलींवर संशय घेत. अखेरीस तपासणीसाठी माणूस गेला, तेव्हा दुकानाबाहेरची पत्र्याची पाटी वाऱ्याने हलून तारांना टेकत असल्याचे त्याला आढळले. पाटी हलली की फोन मुका होई. ही हकीकत खरी असेल, तर कारस्थान नव्हतेच. पण व्यवसाय बुडत असलेल्या माणसाला ओळ कशाने तुटली याचे उत्तर वेळेवर मिळाले नाही, एवढे दोन्ही कथांतून सारखेच निघते.

स्ट्रॉजर यांनी कॉलर ठेवण्याचा एक गोल डबा घेतला, त्यात टाचण्या ओळीने रोवल्या आणि मधोमध पेन्सिल उभी केली, असे सांगतात. पेन्सिल वर सरकवायची आणि मग फिरवायची. ती ज्या टाचणीला टेकेल, तो ग्राहक जोडला जाईल. दहा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर दहा बिंदू धरले की शंभर ग्राहक झाले. वर चढणे आणि वळणे या दोनच हालचालींवर पुढची जवळजवळ शंभर वर्षे जगातील असंख्य एक्स्चेंजेस चालली. १२ मार्च १८८९ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १० मार्च १८९१ रोजी ते मंजूर झाले.

पुतण्या वॉल्टर आणि जोसेफ हॅरिस यांच्या साहाय्याने १८९१ मध्ये कंपनी स्थापन झाली. ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातील ला पोर्ट या छोट्या गावी सुमारे ७५ ग्राहकांना घेऊन पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले. तबकडी तेव्हा नव्हती. बेचाळीस क्रमांक हवा असल्यास एक बटण चार वेळा आणि दुसरे दोन वेळा दाबावे लागे. तबकडी १८९६ मध्ये आली आणि ती स्ट्रॉजर यांची नव्हे, तर कंपनीतील कीथ व एरिक्सन बंधूंची निर्मिती होती. हे श्रेय अनेकदा चुकून स्ट्रॉजर यांनाच दिले जाते.

या यंत्राने मर्जी आणि पक्षपात यांना मात्र खरोखरीच रजा दिली. त्याबरोबर एक गोष्ट हरवलीही. गावातला ऑपरेटर आवाजावरून माणूस ओळखी, दुकान बंद असल्यास मालकाला घरी जोडून देई. ओळ चुकून तुटली तर निदान त्याच्याशी भांडता येत असे. खटका ऐकून घेत नाही.

स्ट्रॉजर यांच्या हाती पैसा फारसा लागला नाही. १८९६ मध्ये त्यांनी आपली पेटंटे १,८०० डॉलरना आणि १८९८ मध्ये कंपनीतील हिस्सा १०,००० डॉलरना विकला. प्रकृती ढासळल्याने ते फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे जाऊन राहिले. तेथेच २६ मे १९०२ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे १९१६ मध्ये बेल कंपनीने त्याच पेटंटांसाठी २५ लाख डॉलर मोजल्याचे सांगितले जाते. ज्या व्यवस्थेवर त्यांचा रोष होता, त्याच बेल यंत्रणेने १९१९ मध्ये व्हर्जिनियातील नॉरफोक येथे त्यांच्या पद्धतीचे पहिले मोठे एक्स्चेंज उभारले.

भारतात स्वयंचलित एक्स्चेंज प्रथम सिमल्यास १९१३-१४ मध्ये आले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने स्ट्रॉजर पद्धतीची यंत्रे देशातच तयार केली. शहरांतील एक्स्चेंजमधून दिवसरात्र चालणारी त्यांची खटखट जुन्या कर्मचाऱ्यांच्या कानांत अजून असेल. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली, १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटची छोटी ग्रामीण एक्स्चेंज खेड्यापाड्यांत पोहोचली आणि ती खटखट हळूहळू थांबली.