हाडातली क्रेन आणि युलियुस वोल्फ

इम्प्लांटवर कॅप बसवताना डेंटिस्ट तिची रुंदी, उंची आणि चावा एवढा का बघत बसतात? हे शोधताना मी थेट १९व्या शतकातल्या बर्लिनला पोहोचलो.

युलियुस वोल्फ यांचा जन्म १८३६ चा, प्रशियातला. बर्लिनला सर्जरी शिकले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. पण मला आवडलेला भाग झुरिकमध्ये घडतो. १८६६ साली तिथे मेयर नावाचे शरीररचनातज्ज्ञ मांडीच्या हाडाचे उभे काप दाखवत होते. कुलमन हे इंजिनिअर ते बघून चमकले. हाडाच्या टोकातल्या बारीक जाळीच्या रेषा त्यांना क्रेनच्या वाकड्या दांड्यातल्या ताणाच्या रेषांसारख्या दिसल्या! (इंजिनिअर कुठेही क्रेन शोधतोच.)

वोल्फ यांनी हा धागा सोडला नाही. वाकडी जुळलेली हाडं कापून त्यांनी दाखवलं, की भार बदलला की आतली जाळी नव्या भाराप्रमाणे पुन्हा रचली जाते. १८९२ मध्ये यावर त्यांचा मोठा ग्रंथ आला. आपल्या भाषेत सांगायचं तर, हाडाला सतत अपडेट येत असतं. हा नियम त्यांना वाटला तेवढा गणिती नाही हे पुढे दिसलं, पण गाभा टिकला.

आता जबड्याकडे या. दात काढला की तिथलं हाड हळूहळू बारीक होतं. इम्प्लांट हाडाला घट्ट चिकटतो. खऱ्या दाताभोवती असते तशी लवचिक गादी त्याला नसते. कॅप फार रुंद किंवा एका बाजूला लटकती असेल, तर चावण्याचा जोर स्क्रूच्या मधोमध न पडता त्याला वाकवतो, आणि ताण मानेजवळच्या हाडावर साठतो. परत तीच क्रेन. फक्त या ताणानेच हाड झिजतं का, यावर मात्र तज्ज्ञांचं एकमत नाही.

आणि सगळं वोल्फ यांच्या खात्यावर टाकू नका. हिरडीजवळ कॅप फुगीर असली तर ब्रश आत जात नाही, घाण साचते, सूज येते आणि हाड खाली जातं. म्हणून कॅप पक्की करण्याआधी इथे ब्रश कसा फिरवायचा, हे डॉक्टरांना आरशात दाखवायला सांगा.

वोल्फ १९०२ मध्ये बर्लिनलाच वारले. त्यांचा ग्रंथ इंग्रजीत आला तो थेट १९८६ मध्ये. तोवर टायटॅनियमचे इम्प्लांट लोकांच्या तोंडात बसायलाही लागले होते.