अखेनातेन, मोशे आणि आपलं स्तोत्र

पेंटेकॉस्टच्या मिस्साला स्तोत्र १०४ गातात, तेव्हा मला हल्ली इजिप्तचा एक राजा आठवतो. अखेनातेन!

इ.स.पू. चौदाव्या शतकात तो चौथा आमेनहोतेप म्हणून गादीवर बसला. आतेन, म्हणजे सूर्यबिंब, हाच त्याचा देव. पाचव्या वर्षाच्या सुमारास त्यानं नाव बदललं, थीब्ज सोडलं आणि राणी नेफेरतितीसह अखेतातेन ही नवी राजधानी वसवली. आमूनचं नाव भिंतींवरून छिन्नीनं खरवडून काढलं. राज्य जेमतेम १७ वर्षं. तो गेला आणि जुने देव परतले. तुतनखातेनचा तुतनखामून झाला. राजांच्या याद्यांतून अखेनातेनचंच नाव गाळलं गेलं.

आय नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात आतेनचं मोठं स्तोत्र कोरलेलं आहे. रात्री सिंह बाहेर पडतात, सूर्य उगवला की माणसं कामाला लागतात. आपल्या स्तोत्रातही हेच! फ्रॉइडनं तर १९३९च्या पुस्तकात मोशेला आतेनचा अनुयायी ठरवलं. पण तसा पुरावा नाही. इस्राएलचं नाव इजिप्तच्या शिलालेखात येतं तेच सव्वाशे वर्षांनी, मर्नेप्ताहच्या काळात. शिवाय आतेनपर्यंत पोचायला मध्ये राजा लागायचा. मोशे तर राजाच्याच तावडीतून गुलामांना सोडवतो.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हादरले होते. आपलं स्तोत्र उसनं? आता भीती वाटत नाही. प्रतिमा शेजाऱ्यांकडून आल्याही असतील. पण राजाचं स्तोत्र थडग्यात राहिलं, आपलं लोकांच्या तोंडी.