फाळक्यांची फ्रेम

कमोडोर ६४च्या एम्युलेटरवर मी २९०व्या रेषेला रास्टर इंटरप्ट लावला. पालमध्ये ३१२ रेषा, मस्त चालला. एनटीएससीत २६३च, तिथे तो आलाच नाही! मोड बदलला की टायमिंग बोंबलतं.

आठवले दादासाहेब फाळके. जव्हार-मोखाड्याहून नाशिकला जाताना लागतं त्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. विमा पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ साली लंडनमध्ये कॅमेरा घेतला. वाटाण्याचं रोप वाढेल तशी एकेक फ्रेम टिपली. टायमिंग पूर्ण त्यांच्या हातात. १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’. मग बोलपट आले, सेकंदाला २४ फ्रेम्स ठरल्या, हाताने हँडल फिरवायचे दिवस संपले. १९३२च्या मूक ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला (आमच्या भाषेत, पॅच!). ‘गंगावतरण’, १९३७, हा शेवटचा. १९४४ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं, तोवर इंडस्ट्री त्यांना विसरली होती.