आप श्री गुलाम महाराज

तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशा हे 'दक्षिण काशी' म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण तापीच्या याच खोऱ्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी तळोदे तालुक्यातील मोरवड (रंजनपूर) या गावी आदिवासींचे एक तीर्थ आहे. ते गुलाम महाराजांचे. आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिले असेल?

गुलाम महाराज भिल्ल समाजात जन्मले. पश्चिम खानदेशातील भिल्लांचे त्या काळचे जिणे मोठे कष्टाचे होते. जमिनी सावकारांकडे गेलेल्या, नशिबी सालदारी आलेली. दुखणे आले की भगताकडे धाव घ्यायची. त्याचा उतारा म्हणजे कोंबडे, बोकड आणि दारू! म्हणजे दुखण्यापाठोपाठ कर्ज आलेच.

महाराजांनी आपल्या समाजाचे दुखणे अचूक ओळखले. त्यांच्याजवळ ना जडीबुटी होती, ना मंत्र. रोज स्नान करा, दारू सोडा, मांस सोडा, एवढेच त्यांचे पथ्य. सोमवारी आरतीसाठी हजारो स्त्री-पुरुष जमू लागले. १९३७-३८ च्या सुमारास ही लाट गावोगाव पोचली. दारूचे गुत्ते ओस पडू लागले, तेव्हा मक्तेदार अस्वस्थ झाले यात नवल ते काय?

परंतु त्यांची खरी देणगी एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'आप'. भिल्लाला अरे-तुरेच ऐकायची सवय होती. महाराजांनी लहानथोर साऱ्यांना एकमेकांस 'आप' म्हणायला शिकविले. ज्याला कुणी मान देत नव्हते, त्याने आधी आपल्याच माणसांना मान द्यायचा! यावरूनच हा पंथ 'आप' नावाने ओळखला जाऊ लागला.

१९३८ साली महाराजांचे देहावसान झाले. बंधू रामदास महाराजांनी कार्य पुढे चालविले. वाढत्या जमावाची धास्ती घेऊन ब्रिटिश सरकारने त्यांना जिल्ह्याबाहेर घालविले. पण आरती थांबली नाही.

दारू सुटली म्हणून गेलेली जमीन परत आली नाही, हेही खरे. तो लढा पुढच्या पिढीला लढावा लागला. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली आणि आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली. मात्र ज्याने स्वतःला 'आप' म्हणून ओळखले, तोच हक्क मागायला ताठ उभा राहू शकतो. वर्गात शेजारी बसणाऱ्या मित्राला आपण कोणत्या शब्दाने हाक मारतो, हे एकदा प्रत्येकाने तपासून पाहावे.